मेकॅनिक आला की चालतो, गेला की बंद: पूलच्या हीट पंपाचा ई-३

"ताई, मशीन परत ई-थ्री दावतंय."

डिसेंबर लागला की मामांचा हा फोन ठरलेला. मामा म्हणजे पाचगणीजवळच्या आमच्या घराची राखण करणारे. घरामागे आठ बाय चार मीटरचा छोटा स्विमिंग पूल आहे आणि त्याचं पाणी तापवायला १२ किलोवॅटचा हीट पंप. हौस म्हणून नाही बसवला. सासऱ्यांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली, डॉक्टरांनी रोज पाण्यात चालायला सांगितलं, आणि थंडीत १९ अंशांच्या पाण्यात पंचाहत्तरीच्या माणसाला उतरवायची कुणाची छाती होत नाही. त्यांना २९ लागतं. २७ला ते काठावर बसून पाय हलवतात आणि "झालं आजचं" म्हणतात.

तीन हिवाळे या पंपाने आम्हाला नाचवलं. लक्षण दर वेळी तेच. सकाळी आठला मामा बघतात तर डिस्प्लेवर ई-३, पंखा बंद, पाणी २१-२२वर अडकलेलं. माझ्या मशीनच्या पुस्तिकेप्रमाणे ई-३ म्हणजे पाण्याचा प्रवाह मिळत नाही. (कोड कंपनीगणिक बदलतात, आपापली पुस्तिका काढून बघा.) मेकॅनिक वाईहून घाट चढून येईपर्यंत अकरा वाजतात. तो पंपरूममध्ये जातो, खुडबूड करतो, पाच मिनिटांत हीट पंप घुमायला लागतो. संध्याकाळपर्यंत पाणी एखादा अंश चढतं. तो पैसे घेऊन जातो. तिसऱ्या दिवशी सकाळी परत ई-३.

पहिल्या वर्षी फ्लो स्विच, म्हणजे पाणी फिरतंय का हे ओळखणारा स्विच, बदलला. दुसऱ्या वर्षी "गॅस कमी झालाय" म्हणून गॅस भरला. तिसऱ्या वर्षी दुसरा मेकॅनिक आणला, तर त्याने फ्लो स्विचच्या दोन्ही वायरी एकमेकींना पिळल्या, वर टेप गुंडाळली आणि म्हणाला, "आता एरर येणारच नाही."

हे कुणी तुमच्याकडे करत असेल तर त्याचा हात धरा. फ्लो स्विच म्हणजे मशीनचा डोळा. पाणी फिरत नसताना कॉम्प्रेसर चालू राहिला तर तयार झालेली उष्णता जायला जागाच उरत नाही, गॅसचा दाब चढत जातो आणि पुढच्या सगळ्या संरक्षणांनी दगा दिला तर कॉम्प्रेसर जळतो. आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी ई-३च्या जागी ई-१ आला: हाय प्रेशर. वायरी मी त्याच दिवशी पूर्ववत करून घेतल्या. पण त्या ई-१ने माझी ट्यूब पेटली. म्हणजे फ्लो स्विच इतकी वर्षं खरंच बोलत होता. पाणी खरोखरच फिरत नव्हतं. आम्ही दर वेळी साक्षीदारालाच बडवत होतो.

मग प्रश्न उरला, मेकॅनिक आल्यावर पाणी कसं फिरतं?

उत्तर मिळालं रात्री दोन वाजता. मी गुरुवारीच एकटी वर पाचगणीच्या घरी गेले होते. झोप लागेना, खिडकी उघडली तर मागून बारीक घरघर. एवढ्या रात्री पंप? शाल गुंडाळून, टॉर्च घेऊन मागे गेले. फिल्टरचा पंप, म्हणजे पुलाचं पाणी गाळणीतून फिरवणारा, चालू. हीट पंपाचा पंखा फिरतोय, पण कॉम्प्रेसरचा आवाज नाही. मागच्या बाजूला टॉर्च मारला तर ॲल्युमिनियमच्या पात्यांवर पांढरा बर्फ, जुन्या फ्रीजच्या फ्रीझरमध्ये साचतो तसा. बाहेर ९ अंश. पंपरूममधल्या पॅनेलचं दार उघडलं. आत फिल्टर पंपाचा गोल तबकडीचा टायमर, कडेने बारीक पिना, त्यातल्या साडेदहा ते साडेपाचच्या पिना बाहेर ओढलेल्या. आणि वेळ दाखवणारा काटा उभा होता दुपारच्या एकवर.

रात्रीचे दोन, टायमरच्या हिशेबाने दुपारचा एक. तेरा तास मागे.

हा यांत्रिक टायमर विजेवरच फिरतो. आत छोटी मोटर असते. वीज गेली की घड्याळ थांबतं, वीज आली की थांबलं होतं तिथून पुढे चालतं. आमच्याकडे पावसाळ्यात काय होतं हे त्या पट्ट्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. झाड पडलं, तार तुटली, चार-चार तास अंधार. जून ते सप्टेंबर पूल कुणी वापरत नाही, हीट पंप प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवलेला, टायमरकडे कोण बघतंय? एकेका तासाने तो मागे सरकत राहिला. डिसेंबरात आम्ही हीट पंप चालू केला तेव्हा 'सकाळी साडेदहा ते संध्याकाळी साडेपाच' म्हणून लावलेला फिल्टर पंप प्रत्यक्षात रात्री साडेअकरा ते पहाटे साडेसहा चालत होता. पूल निळाशार दिसायचा, कारण गाळणं रात्रीही व्यवस्थितच होत होतं. त्यामुळे पंपावर संशय घ्यायला जागा नव्हती. मामांची खोली फाटकाजवळ, त्यांना रात्रीचा आवाज जात नाही.

आता सगळ्या गोष्टी जुळतात. रात्रभर गारठ्यात मशीन बर्फ वितळवत कसंबसं चालायचं. साडेसहाला फिल्टर पंप बंद. हीट पंपाची वीज वेगळी, त्याला वाटे आपण अजून कामावर आहोत. पाणी मिळेना म्हणून ई-३. आठला मामा बघणार. अकराला मेकॅनिक येऊन पंपाचा स्विच 'ऑटो'वरून 'मॅन्युअल'वर टाकणार, पाणी फिरणार, ई-३ जाणार, दुपारच्या उबदार हवेत मशीन झकास चालणार. काम झालं म्हणून तो किंवा दोन दिवसांनी मामा स्विच परत 'ऑटो'वर टाकणार. तीन वर्षं, चार-पाच हजारांची बिलं, आणि चूक एका काट्याची.

उपाय तासाभराचा होता. बॅटरीवर वेळ राखणारा डिजिटल टायमर बसवला. दुसरं, इलेक्ट्रिशियनकडून हीट पंपाच्या कंट्रोलला फिल्टर पंपाच्या कॉन्टॅक्टरशी (त्याची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचशी) जोडून घेतलं, म्हणजे पंप चालू असेल तरच हीट पंप उठेल. काही मशीनना उलटी सोयही असते: हीट पंपच फिल्टर पंपाला हवं तेव्हा चालू करतो. पुस्तिकेत वायरिंगच्या पानावर बघा, असेल तर ती वापरा.

तुमच्याकडे कारण हेच असेल असं नाही. पण 'परत परत येणारा' ई-३ असेल तर मेकॅनिकला फोन करण्याआधी तो किती वाजता येतो ते शोधा. एक वही पंपरूममध्ये टांगा. दिवसातून तीनदा चार आकडे: वेळ, पाण्याचं तापमान, बाहेरचं तापमान, फिल्टरवरच्या गेजचा दाब. चार दिवसांत वही बोलायला लागते. ठरावीक वेळी येणारा एरर टायमरचा किंवा व्होल्टेजचा. बॅकवॉशनंतर (फिल्टरमधून उलटं पाणी सोडून तो धुतल्यावर) जाणारा आणि आठवड्याने परतणारा, फिल्टरचा. वारा सुटला की येणारा, आमच्याकडे तरी, सिल्व्हर ओकचा.

सिल्व्हर ओकवर माझा राग आहे. पाचगणीला शोभा त्याचीच, पण त्याची नेच्यासारखी कातरलेली पानं स्किमरच्या, म्हणजे पुलाच्या कडेला वरचा कचरा ओढून घेणाऱ्या खणाच्या, टोपलीत एकावर एक बसली की गादी होते. वरून टोपली अर्धीच भरलेली दिसते, खालून पाणी जात नाही. ती काढली तरी पंपाच्या तोंडाशी दुसरी जाळी असते, पारदर्शक झाकणाखाली. तीही उघडायची. पंप बंद करून, व्हॉल्व्ह बंद करून, आणि झाकणाच्या रबरी रिंगवर पान अडकलेलं नाही हे बघून परत लावायची. रिंगमधून हवा ओढली गेली तरी फ्लो स्विच फडफडतो आणि एरर येतो-जातो. झाकणाखाली सतत बुडबुडे दिसले तर समजा तेच.

मग सँड फिल्टर. नुकतं बॅकवॉश केल्यावर गेजवर जो दाब दिसतो तो भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवा. त्याच्यावर ८-१० पीएसआय चढला की बॅकवॉशची वेळ झाली. गेज बॅकवॉशनंतरही जागचं हलत नसेल तर तेच अडकलंय, शंभर-दोनशे रुपयांत नवीन मिळतं.

आणि तीन व्हॉल्व्ह. हीट पंपाकडे जाणारा, तिथून येणारा, आणि मधला बायपास. बायपास पूर्ण उघडा राहिला तर पाणी सरळ वाटेनेच पळतं, हीट पंपाच्या वाट्याला थेंब. माळ्याने, पूल साफ करायला येणाऱ्या मुलाने, पाहुण्यांच्या पोरांनी, कुणीही हात लावलेला असतो. योग्य जागा सापडली की तिन्ही हँडलवर आणि पाइपवर रंगाची रेघ मारा. मी नेलपॉलिशने मारली आहे, दोन पावसाळे टिकली.

प्रवाह बरोबर आहे का हे कसं कळायचं? पाणी आत जाताना आणि बाहेर येताना, दोन तापमानं बहुतेक मशीन मेनूमध्ये दाखवतात. फरक एक ते दोन अंशांचा असायला हवा. लोकांना हेच पटत नाही. "बाहेर येणारं पाणी गरमच लागत नाही हो!" लागणारही नाही. तासाला सहा हजार लिटर पाणी फिरत असताना नऊ किलोवॅटची उष्णता त्याला सव्वा अंशाने तापवते, एवढंच. गीझरसारखी धार इथे अपेक्षितच नाही. उलट फरक चार-पाच अंशांचा दिसला तर खूश होऊ नका. पाणी कमी फिरतंय आणि पुढचा एरर हाय प्रेशरचा असणार.

पाणी तापायला लागणारा वेळ हीसुद्धा अर्धी तक्रार असते. आमच्या पुलात ४५,००० लिटर पाणी आहे. एक अंश चढवायला सुमारे ५२ युनिट उष्णता लागते. १२ किलोवॅट हा आकडा कंपनी साधारण २६-२७ अंशांच्या दमट हवेत मोजते. १५ अंशांच्या हवेत तेच मशीन आठ-नऊवर येतं. म्हणजे एका अंशाला सहा तास, तेही वाऱ्याने, रात्रीने काही ओरबाडून नेलं नाही तर. १९चं २९ करायला दिवसाला सात-आठ तासांनी आठवडा सहज जातो. शुक्रवारी संध्याकाळी चालू करून शनिवारी पाहुण्यांना कोमट पूल, हे होत नाही. सेटिंग ३५वर नेलं तरी होत नाही. मशीन तितक्याच वेगाने चालणार, फक्त थांबणार उशिरा.

म्हणूनच दुपारचे तास सोन्याचे. हीट पंप वीज जाळून पाणी तापवत नाही, हवेतली ऊब उपसून पाण्यात टाकतो. एक युनिट वीज खाऊन चार-साडेचार युनिट उष्णता देतो, त्यातला मोठा वाटा हवेचा. हवाच ९ अंशांची असेल तर उपसणार काय? गॅसची कॉइल हवेपेक्षा थंड ठेवावी लागते, म्हणजे ती शून्याखाली जाते आणि हवेतलं बाष्प तिच्यावर गोठतं. महागड्या मशीनमध्ये उलटं चक्र फिरवून बर्फ काढायची सोय असते. आमच्यात नाही, ते कॉम्प्रेसर थांबवून नुसता पंखा फिरवत बसतं. त्या रात्री मी नेमकं तेच पाहिलं. पहाटे पात्यांवर थोडा पांढुरका थर असेल आणि ऊन आल्यावर जात असेल तर बिघाड नाही. भर दुपारी २५ अंशांत बर्फ धरत असेल तर मात्र आहे: पाती मातीने बुजलीत, पंखा मंद आहे, किंवा गॅस खरोखर कमी आहे.

पाती आधी बघा. टेबललँडच्या बाजूने वारा आला की तांबडी धूळ येते आणि दवाने ओली होऊन पात्यांत चिकटते. मेन स्विच बंद करून मऊ ब्रश वरून खाली, मग साध्या नळीचं पाणी. गाडी धुवायचा प्रेशर पंप लावू नका, पाती कागदासारखी मुडपतात. आणखी एक. पावसाळ्यासाठी बांधलेलं प्लॅस्टिक पूर्ण सुटलंय का, हे मागे जाऊन बघा. एका वर्षी आमचं पुढचं सुटलं होतं आणि भिंतीकडचं, म्हणजे जिथून हवा आत जाते तिकडचं, नवरात्रापासून नाताळपर्यंत तसंच होतं.

शेजारच्या बंगल्यात वेगळाच प्रकार. हीट पंप दिसायला वाईट म्हणून त्यांनी त्याच्याभोवती जांभ्याची सुबक भिंत बांधली, वर पत्रा टाकला, वेल चढवला. पंख्यातून बाहेर पडलेली थंड हवा भिंतीवर आपटून परत मागून आत. बाहेर २४, त्या खोपट्यात १४. मशीन स्वतःच तयार केलेल्या थंडीत काम करत होतं. पंख्यासमोर दोन-अडीच मीटर मोकळं हवं. वेल दुसरीकडे लावा.

आता गॅस. "दर वर्षी थोडा भरावाच लागतो" असं कुणी म्हणालं तर तो तुम्हाला गिऱ्हाईक म्हणून पाळतोय. गॅसची यंत्रणा बंदिस्त असते, गॅस वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, आणि गळती शोधल्याशिवाय भरलेला गॅस पुढच्या वर्षी हवेत. नायट्रोजनचा दाब देऊन, जोडांवर साबणाचा फेस लावून गळती शोधायला सांगा, मग निर्वात करून मशीनच्या पाटीवर लिहिलंय तेवढाच गॅस वजनावर मोजून भरायला सांगा. आमच्या पहिल्या मेकॅनिककडे काटाच नव्हता. मशीनमध्ये आर-३२ जातीचा गॅस असेल तर तो पेट घेऊ शकतो, तेव्हा घरगुती प्रयोग नकोत.

मशीनखाली पाणी साठतं म्हणून पुष्कळ जण घाबरतात. हीट पंप बंद करा, फिल्टर पंप चालू ठेवा. ठिबकणं तासाभरात थांबलं तर ते हवेतल्या बाष्पाचं पाणी आहे, एसीतून येतं तसं. थांबलं नाही तर पुलाचं.

व्होल्टेजबद्दल थोडं. संध्याकाळी सगळी हॉटेलं गीझर लावतात तेव्हा आमच्याकडे १८५पर्यंत खाली येतं. कॉम्प्रेसर सुरू होताना जास्त करंट ओढतो, लांब आणि बारीक केबल असेल तर आणखी पडतं, आणि एमसीबी (जास्त करंटला वीज तोडणारा स्विच) ट्रिप. दुपारी चालवायचं हे त्यालाही औषध. थ्री फेज मशीन असेल आणि ट्रान्सफॉर्मरचं काम झाल्यानंतरच एरर आला असेल, तर फेजचा क्रम उलटला असण्याची दाट शक्यता. त्याच दिवशी बोअरची मोटर पाणी कमी देते का बघा, ती उलटी फिरत असेल. दोन फेज अदलाबदल करायचं काम इलेक्ट्रिशियनचं. आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, पडत असेल तर तो काढून सरळ जोडणी करू देऊ नका. ओल्या अंगाची माणसं आणि वीज यांच्यामध्ये तेवढंच एक बटण असतं. आमच्याकडे एकदा ते पडत होतं कारण बोर्डावर एक पाल भाजून बसली होती.

शेवटचं, पण बिलाच्या दृष्टीने पहिलं: पुलावर झाकण घाला. डिसेंबर-जानेवारीची कोरडी, वाहती हवा पाणी पिते. पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवा, बादलीत आणि पुलाच्या भिंतीवर पातळीची खूण करा, चोवीस तासांनी बघा. दोन्हीकडे सारखं उतरलं तर बाष्पीभवन. पुलात जास्त उतरलं तर गळती. आमचं एका वाऱ्याच्या दिवसात ५ मिलिमीटर उतरलं. ऐकायला काहीच नाही. पण ३२ चौरस मीटरवर ते १६० लिटर होतं, आणि तेवढं पाणी उडताना शंभराहून जास्त युनिट उष्णता घेऊन जातं. हीट पंप सात तास राबून देतो त्याहून जास्त. बुडबुड्यांचं निळं प्लॅस्टिक घातल्यापासून रात्रीत अडीच अंश उतरणारं पाणी एका अंशावर आलं. घरातल्यांना ते दिसायला आवडत नाही. सकाळी गुंडाळायचं कामही दोघांचं आहे. तरी घालतोच.

या जानेवारीत एका दुपारी फोन आलाच. "ताई, ई-थ्री दावतंय."

"टायमर किती वाजले सांगतोय?"

"सव्वाबारा. माझ्या मोबाइलात बी सव्वाबारा."

"काल वारा होता का?"

जरा वेळ शांतता. "थांबा, टोपली बघून येतो."

दहा मिनिटांनी परत फोन. पानं होती, घमेलंभर. टोपली धुऊन पंप लावला, पण मशीन उठत नाही म्हणाले. म्हटलं, तीन-चार मिनिटं थांबा, कॉम्प्रेसर लगेच सुरू होत नसतो. फोन चालूच ठेवला. आधी नुसता वारा ऐकू येत होता, मग खट् झालं आणि पंखा घुमायला लागला.